पलीकडची कॉट

वसतिगृहाच्या प्रवेशअर्जासोबत एक नियमावली मिळते. ती वाचून खाली सही करायची असते आणि बहुतेक मुले न वाचताच करतात. त्यात त्यांचे फारसे बिघडत नाही, कारण कुठलीही नियमावली उचलली तरी मजकूर साधारण तोच असतो. फाटक अमुक वाजता बंद होईल, रात्री बाहेर राहायचे तर पालकांचे पत्र आणि रेक्टरांची परवानगी लागेल, पाहुण्याला खोलीत नेता येणार नाही, हीटर आणि शेगडी वापरता येणार नाही, भिंतीला खिळा ठोकता येणार नाही, हजेरी चुकल्यास दंड होईल. आणि अगदी शेवटी, वरीलपैकी कोणताही नियम पूर्वसूचनेशिवाय बदलण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राहील. एवढ्या कलमांत एक माणूस मात्र कुठेच भेटत नाही. ज्याच्यासोबत एका खोलीत वर्ष काढायचे तो, पलीकडच्या कॉटवरचा. तो रात्री एक वाजता मोठा दिवा लावतो की टेबललॅम्प, पहाटे पाचचा गजर लावून स्वतः घोरत पडतो का, फोन स्पीकरवर टाकून घरी बोलतो की उठून गॅलरीत जातो, बादली विचारून नेतो की न विचारता, गरम पाणी मागच्यांसाठी ठेवतो की संपवूनच बाहेर येतो, यावर त्या वर्षाचे सुखदुःख ठरते. त्याबद्दल नियमावली गप्प. हे उलटे झाले आहे असे माझे म्हणणे आहे. वसतिगृहाचा नियम फाटकाकडे तोंड करून उभा आहे. तो शेजाऱ्याकडे वळायला हवा. आणि शेजाऱ्यासाठी नियम करायचा तर तो शेजाऱ्यांनीच करावा लागतो, कार्यालयातून तो टाइप होऊन येत नाही.

महाराष्ट्राला वसतिगृह नवे नाही, आणि इथे ते केवळ झोपण्याजेवण्याची सोय कधीच नव्हते. राजर्षी शाहूंनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. पुढच्या काही वर्षांत जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगे तिथे उभी राहिली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य ठरवलेल्या जातींतल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात खोली मिळण्याआधी जात विचारली जाई. त्यावरचा हा त्या काळातला उपाय होता. पण समाजवार बोर्डिंग म्हटल्यावर समाजवार नियमही आले. जैन बोर्डिंगात राहणारे भाऊराव पाटील मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले, परतल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. नियमाच्या भाषेत बेशिस्त भाऊरावांचीच होती. पुढे याच माणसाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले आणि सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवले. मुले एकत्र राबत, एकत्र रांधत. १९२७ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले आणि त्या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांना जेवू घातल्याची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. लक्षात कमी राहते ते हे की साताऱ्यातही नियम होतेच, आणि भाऊराव शिस्तीला ढिले नव्हते. दोन्हीकडे शिस्त होती. कोल्हापूरच्या त्या नियमाने संस्थेचे सोवळे राखले, साताऱ्याच्या नियमाने ताटाशेजारी बसलेल्या मुलाचा मान राखला.

नियम कोणाला सांभाळतो हा प्रश्न पुण्यालाही चुकला नाही. १९०५ मध्ये विदेशी कपड्यांच्या होळीबद्दल फर्ग्युसन महाविद्यालयाने सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. तेव्हाचे प्राचार्य रँग्लर परांजपे काही कर्मठ गृहस्थ नव्हते, नामांकित बुद्धिवादी आणि उदारमतवादी होते. तरीही सरकारदरबारी संस्थेचे काय होईल ही धास्ती पडली की उदार माणसालाही शिस्तीचे कलम आठवते. ती होळी योग्य होती की नव्हती हा वाद वेगळा ठेवू. तिने शेजारच्या खोलीतल्या कोणाची झोपमोड झाली नव्हती एवढे खरे. आज ही धास्ती सुरक्षिततेच्या नावाने येते आणि मुलींच्या वसतिगृहात दुप्पट जोराने येते. त्याच आवारातल्या मुलांचे फाटक रात्रभर सताड उघडे आणि मुलींचे आठ-नऊला बंद, हे दृश्य इतके सरावाचे झाले की त्याला नियम म्हणतात हेही कोणाला खटकेना. २०१५ मध्ये दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी ‘पिंजरा तोड’ म्हणत त्याविरुद्ध आवाज उठवला. २०१६ मध्ये अधिसूचित झालेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळविरोधी विनियमांनी तर स्पष्टच सांगितले, की सुरक्षिततेची सबब पुढे करून मुलींवर मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादता येणार नाहीत. २०१९ मध्ये संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल काढून घेण्याचा नियम न पाळल्याबद्दल एका मुलीला वसतिगृहातून काढले गेले, तेव्हा केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला लावले आणि इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचाच भाग मानला. मतदानाचे वय १९८९ मध्ये एकविसावरून अठरावर आले. आमदार निवडायची अक्कल ज्या मुलीला आहे असे संविधान मानते, तिला नाटक पाहून साडेदहाला परत यायची अक्कल नाही असे नियमावली मानते.

यावर पालकांचा आक्षेप असतो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अक्कलकुव्याहून किंवा चिखलदऱ्याहून पोरगी पहिल्यांदाच पुण्यात आली आहे, शहराची तिला माहिती नाही, काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण? हा प्रश्न खरा आहे, पण फाटक हे त्याचे उत्तर नाही. २०२३ च्या जूनमध्ये मुंबईत मरिन ड्राइव्हजवळच्या शासकीय मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा तिच्याच खोलीत बळी गेला आणि संशय तिथेच काम करणाऱ्या माणसावर आला. ती वेळेत आत होती. जिन्यात दिवा आहे का, मजल्यावर हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर कोणी राहते का, कामावर ठेवलेल्या माणसाबद्दल मुलींनी तक्रार केली तर ती कोण लिहून घेते, हे प्रश्न फाटकाच्या वेळेपेक्षा महत्त्वाचे होते. शिवाय नोंद आणि परवानगी या दोन गोष्टी आपण एकात एक मिसळल्या आहेत. आज रात्री मी अमक्या ठिकाणी आहे, उद्या सकाळी येईन, असे वहीत लिहून जाणे हा शेजारधर्म आहे. खोलीतली मैत्रीण मग रात्रभर घोर लावून बसत नाही, आणि शोधायची वेळ आलीच तर सुरुवात कुठून करायची ते कळते. परवानगीचे तसे नाही. ती मागावी लागली की मुले खोटे लोकल गार्डियन उभे करतात, वडिलांच्या सह्या गिरवायला शिकतात, आणि मग खरोखर कोण कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. कडक नियमाने माहिती कमी होते, हे रेक्टरांना खासगीत विचारले तर तेही नाकारणार नाहीत.

मात्र फाटक उघडले म्हणजे प्रश्न संपला असे मानणाऱ्यांशीही माझे जमत नाही. स्वातंत्र्याची भाषा बोलणारा मुलगाच रात्री बारा वाजता कॉरिडॉरमध्ये वाढदिवस करतो, केक भिंतीला फासतो, दारे बडवतो, आणि दोन खोल्यांपलीकडे सकाळी सातची प्रॅक्टिकल परीक्षा असलेला कोणी पडून असतो. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, असे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात, पण वसतिगृहात त्याचा दाखला देणारा मुलगा अरसिक ठरतो. बाथरूमच्या जाळीत केस तसेच राहतात, दोरीवरचे दुसऱ्याचे ओले कपडे गोळा करून बादलीत कोंबले जातात, फ्रिजमधला डबा ज्याचा त्याला सापडत नाही. हे सगळे किरकोळ आहे, म्हणूनच त्यावर नोटीस निघत नाही. पण घरापासून लांब राहणाऱ्या मुलाचा जीव याच किरकोळ गोष्टींनी मेटाकुटीला येतो. इथे व्यवस्थापनाला सुचणारा एकमेव उपाय म्हणजे दंड. दंडाचे काय होते ते इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांवर झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसले. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचीनी यांचा तो निबंध २००० साली छापून आला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले. तोवर उशीर झाला की शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याची लाज वाटत होती. दंडाने उशिराला किंमत लावली, आणि किंमत मोजली की लाज फिटली. दंड काढून टाकल्यावरही लाज परतली नाही. वसतिगृहात हेच चालते. शंभर रुपये भरले की पार्टी कायदेशीर होते, आणि ज्याची झोप गेली त्याच्या हाती त्यातला एक रुपयाही येत नाही. पैसेवाल्याच्या मुलाला गोंधळ परवडतो, शिष्यवृत्तीवर राहणाऱ्याला परवडत नाही, एवढाच काय तो दंडाने केलेला न्याय.

मग सौजन्य येते कुठून? उपदेशाने येत नाही हे भिंतींवरच्या सुविचारांची अवस्था पाहिली तरी कळते. इथे मला एलिनॉर ऑस्ट्रम या अमेरिकी विदुषीचा आधार घ्यावासा वाटतो. त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते सामाईक संपत्तीच्या अभ्यासासाठी. स्वित्झर्लंडमधली सामाईक कुरणे, स्पेनमधले पाटपाणी, जपानमधली गावरानांची व्यवस्था पाहून त्यांनी दाखवले की सरकारची काठी नसतानाही माणसे सामाईक गोष्ट पिढ्यान्पिढ्या टिकवतात. मात्र त्यासाठी काही अटी लागतात. ज्यांना नियम पाळायचा त्यांचा तो करण्यात हात हवा, लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच हवेत, आणि शिक्षा पायरीपायरीने वाढणारी हवी, एकदम कडेलोट नको. आपल्याकडे धुळे-नाशिक भागातली फड बागायत याच समजुतीवर शतकानुशतके चालली. बंधाऱ्याचे पाणी कोणत्या फडाला केव्हा, कोणते पीक कुठे, हे शेतकरी मिळून ठरवत आणि पाणी सोडायला त्यांनीच नेमलेला पाटकरी असे. वसतिगृहातले गरम पाणी, शांतता, वाचनखोलीतली जागा, वायफाय आणि मेसचा रस्सा, ही सगळी सामाईक संपत्तीच आहे. मुलांनी चालवलेल्या मेसमध्ये हे रोज दिसते. महिन्याचा खर्च हजेरीने भागून प्रत्येकाच्या नावावर पडतो, तेव्हा ताटात टाकलेले अन्न कोणाच्या पैशांचे हे सांगावे लागत नाही. खाडा धरायचा तर आदल्या दिवशी वहीत लिहा, हा नियम तिथे पाळला जातो, कारण तो न पाळल्याने उरलेल्या पोळ्यांचा हिशेब मेस सेक्रेटरी सगळ्यांसमोर मांडतो आणि पुढच्या महिन्यात सेक्रेटरी तुम्हीच असू शकता. ठेकेदाराच्या मेसमध्येही खाड्याचा नियम असतो. तिथे मात्र तो चुकवणे हा हुशारीचा भाग मानतात.

या मांडणीवरचा सगळ्यात अवघड आक्षेप असा, की विद्यार्थ्यांनी स्वतःच्या बळावर घडवलेली एक आचारसंहिता आपण पाहिली आहे आणि तिचे नाव रॅगिंग. सीनियरसमोर मान खाली घालायची, वरचे बटण लावायचे, हाक आली की धावायचे, कोणाच्या खोलीत पाणी भरायचे, या सगळ्याला ‘कल्चर’ म्हणत आणि त्यातून शिष्टाचार येतो असे शपथेवर सांगत. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. २००९ च्या मार्चमध्ये हिमाचलातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलाचा मारहाणीत जीव गेला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी विनियम आणले. तरी २०१९ मध्ये मुंबईत आदिवासी समाजातून आलेल्या एका निवासी डॉक्टर तरुणीने वसतिगृहाच्या खोलीत आयुष्य संपवले आणि तिच्या वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीवरून छळल्याचा खटला भरला गेला. तेव्हा मुलांवर सोपवा म्हणजे सगळे गोड होईल, असे म्हणायला मी धजणार नाही. पण रॅगिंग हे स्वशासन नाही. त्यात नियम करणारा एक आणि पाळणारा दुसरा, म्हणजे कार्यालयाच्या नियमावलीचेच ते जास्त क्रूर रूप आहे. करणाऱ्यावर उलटून लागू होतो तोच शेजाऱ्यांचा नियम. दहानंतर आवाज नाही, हे शेवटच्या वर्षाच्या मुलालाही लागू असेल तर तो नियम. फक्त पहिल्या वर्षाला असेल तर तो जाच. म्हणून मजल्यामजल्याच्या समितीत पहिल्या वर्षाची मुले निम्मी हवीत, आणि समितीच्या निर्णयावर बाहेर दाद मागता आली पाहिजे. रेक्टर किंवा गृहपाल यांची खरी गरज इथे आहे. मजल्यावर ज्याचे कोणी ऐकत नाही त्याचे ऐकून घ्यायला.

दुसरा आक्षेप ताटावरचा, आणि तो अधिक नाजूक आहे. शेजाऱ्याला त्रास नको हीच कसोटी असेल, तर शेजारच्या ताटातल्या मटणाच्या वासाने ज्याला मळमळते त्याने काय करावे? २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत हा प्रश्न टेबलांपर्यंत पोचला. तीन वसतिगृहांच्या सामाईक मेसमध्ये सहा टेबले फक्त शाकाहारींसाठी राखली गेली, आणि त्याचा निषेध म्हणून तिथे बसून सामिष खाणाऱ्या एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. तो निर्णय मेसच्या परिषदेचा होता, म्हणजे माझ्याच मांडणीतला स्वशासनाचा भाग त्याला लागू होतो. तरी तो मला चूक वाटतो. शाकाहारी माणसाची चीड मी खोटी मानत नाही. त्याच्या भाजीत दुसऱ्या रश्शाचा डाव बुडू नये, पोळीचा तवा वेगळा असावा, हे त्याचे मागणे रास्त आहे. ते नाकारणारा मुलगा उद्धट आहे, क्रांतिकारक नाही. पण डाव वेगळा ठेवल्याने शेजाऱ्याचे ताट आहे तिथेच राहते. टेबल वेगळे केल्याने शेजारी उठवला जातो. आवाजाने झोप जाते, ती परत मिळत नाही. दुसऱ्याच्या जेवणाने माझ्या जेवणातले काही जात नाही, मला फक्त ते बघावे लागते. आणि आपल्या देशात कोण कोणाशेजारी बसून जेवू शकत नाही याचा इतिहास इतका लांब आणि इतका कडवट आहे की जेवणघरातली रेघ नुसती आवडीनिवडीची उरत नाही. एखाद्या मुलाने आपणहून दूर बसावे, त्याला कोणी अडवू नये. दुसऱ्याला बसायला मनाई करणारी पाटी मात्र लावू नये, मग ती शंभर टक्के मतांनी ठरली तरी. समाजातल्या असमानतेला वसतिगृहात मतदानाने परत बोलावता येणार नाही, एवढी हद्द स्वशासनाला आखून दिलीच पाहिजे.

आणखी एक बोलणे कानावर येते, की चौघांच्या खोलीत आठ जण कोंबलेत, मजल्याला दोन नळ, त्यांतला एक बंद. यांना कसले सौजन्य शिकवता? हे बोलणे बरोबर आहे. नळ दुरुस्त न करता रांगेची शिस्त शिकवणे हा कांगावा झाला. आदिवासी विकास विभागाने २०१८ मध्ये वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यात टाकायचे ठरवले, तेव्हा मुलांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. पैसे वेळेवर न मिळाले तर पोट कसे भरायचे, ही त्यांची तक्रार होतीच. पण खानावळ गेली की एकत्र बसायची जागाही गेली आणि तिच्यासोबत खाडा, पंगत, वाढपी, सगळेच गेले. सौजन्य हे रोज भेटण्याने अंगवळणी पडते, खोलीत पार्सल आणून खाण्याने नाही. आणि त्या भेटण्यात जिने झाडणाऱ्या मावशी आणि रात्रपाळीचे वॉचमन काकाही असतात. नियमावलीत त्यांचा उल्लेख शोधून सापडत नाही. मावशी म्हणून हाक मारायची आणि संडासात सॅनिटरी पॅड कागदात न गुंडाळता तसेच टाकून यायचे, या दोन गोष्टी एकाच मजल्यावर सुखाने नांदतात.

आता येत्या जूनच्या प्रवेशाआधी रेक्टरांनी आणि गृहपालांनी एवढे करून पाहावे. जुनी नियमावली घेऊन, यंदा वसतिगृह सोडून जाणाऱ्या चार आणि अजून दोन वर्षे राहणाऱ्या चार विद्यार्थ्यांना सोबत बसवावे, झाडलोट करणाऱ्या मावशींनाही खुर्ची द्यावी, आणि प्रत्येक नियमापुढे लिहावे की तो मोडल्याने वसतिगृहातल्या कोणाला नेमका काय त्रास होतो. ज्या नियमापुढे असे काही लिहिता येणार नाही तो खोडावा, आणि उरलेल्या यादीवर विद्यार्थ्याच्या सहीशेजारी रेक्टरांनी स्वतःचीही सही करावी.